पतसंस्थेच्या सतरा हार्ड डिस्क

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. गावातल्या एका पतसंस्थेचं काम अधूनमधून माझ्याकडे येतं. संस्था फार मोठी नाही. मुख्य शाखा, दोन छोट्या शाखा, पिग्मी, सोनेतारण आणि शेतकऱ्यांची मुदत कर्जं एवढा तिचा व्यवहार. मध्यंतरी त्यांनी सगळ्या काउंटरवर नवे संगणक बसवले. १४ जुने सीपीयू आणि एक जुना सर्व्हर मागच्या खोलीत येऊन पडले. त्यांतले चांगले १० गावातल्या माध्यमिक शाळेला द्यायचे आणि उरलेले मोडीत काढायचे, असा ठराव संचालक मंडळाने केला.

मला बोलावणं आलं ते अगदी शेवटी. व्यवस्थापक म्हणाले, "सगळ्यांना फॉरमॅट मारून झालाय. कुठल्या डिस्क फास्ट आहेत तेवढं बघून दहा निवडा, आणि शाळेला लागतंय ते टाकून द्या." शाळेचे सर दोनदा येऊन विचारून गेले होते, त्यामुळे घाई होती. फॉरमॅट कोणी आणि कसा मारला, असं मी विचारलं. संस्थेतल्याच एका तरुण लिपिकाने एका दुपारीत सगळे उरकले होते. १४ संगणक आणि सर्व्हर मिळून १६ डिस्क एका दुपारीत होतात, म्हणजे तो क्विक फॉरमॅट असणार, हे तिथेच समजलं. ५०० जीबीची एक डिस्क नीट पुसायला दीड तास लागतो.

खोलीत बसून मी आधी यादी केली. काउंटरच्या संगणकांत ५०० जीबीच्या ९, १ टीबीच्या ३ आणि २४० जीबीच्या २ एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्क होत्या. सर्व्हरमध्ये ५०० जीबीच्या दोन होत्या, एकीची नक्कल दुसरीवर आपोआप राहील अशा जोडलेल्या. कपाटाच्या खणात जुन्या पावती पुस्तकांखाली ३२० जीबीची आणखी एक सुटी डिस्क सापडली. तिच्यावर ना नाव, ना तारीख. एकूण १७ झाल्या.

अडचण

फॉरमॅट झालेल्या डिस्कमध्ये काहीच नसतं, हा समज व्यवस्थापकांच्या मनात पक्का होता. त्यात त्यांचा दोष नाही. ड्राइव्ह उघडली की विंडोज ती रिकामी दाखवतं. ५०० जीबीच्या डिस्कवर ४६५ जीबी मोकळी जागा दिसली की कोणालाही सगळं गेलं असंच वाटेल. (४६५ हा आकडाही फसवा आहे. डिस्क बनवणारे १००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळे फरक दिसतो. जागा कुठे जात नाही.)

मी त्यांना खतावणीचं उदाहरण दिलं. क्विक फॉरमॅट म्हणजे खतावणीची अनुक्रमणिका फाडून त्या जागी कोरी अनुक्रमणिका लावणं. आतली पानं जशीच्या तशी राहतात. पुढे कोणी त्यांच्यावर नवं लिहिलं तरच जुनं जातं.

एवढं सांगूनही त्यांना पूर्ण पटलं नसल्याचं दिसत होतं. म्हणून एका काउंटरची डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावली. तिच्यावर काहीही लिहिलं जाणार नाही अशी सोय केली आणि फोटोरेक हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. चहा होईपर्यंत पडद्यावर चित्रं यायला लागली. आधार कार्डं, पॅन कार्डं, सह्यांचे नमुने, सातबारे. मग एका बाईंचा फोटो आला, आणि त्याच्यामागे त्यांनी तारण ठेवलेल्या पाटल्यांचा फोटो, वजनाच्या चिठ्ठीसकट. व्यवस्थापक खुर्चीतून उठले. "या आमच्याच गल्लीतल्या आहेत," म्हणाले, "बंद करा ते."

मी बंद केलं आणि लॅपटॉपवर आलेलं सगळं त्यांच्यासमोर पुसलं. सोनं गहाण ठेवल्याचं त्या बाईंनी कदाचित घरातही सांगितलं नसेल. संस्थेवर विश्वास टाकून त्यांनी ते केलं होतं. हीच डिस्क शाळेत गेली असती, तर दहावीतल्या एखाद्या हुशार पोराने गंमत म्हणून हेच सॉफ्टवेअर चालवून बघितलं असतं. त्याला ना पैसे लागले असते, ना फारसं ज्ञान.

असं फक्त आपल्याकडे घडत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या दोन संशोधकांनी वापरलेल्या १५८ डिस्क बाजारातून विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. वाचता आलेल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. आता आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. हा आकडा मी व्यवस्थापकांना सांगितला खरा, पण त्यांना हलवलं ते त्या पाटल्यांनी.

पहिला निर्णय : पुसण्याआधी थांबणं

त्या दिवशी संध्याकाळी सगळ्या डिस्क दुकानात आणल्या. प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर, ती कुठल्या काउंटरची, क्षमता आणि आणल्याची तारीख एका वहीत लिहिली. पोच म्हणून संस्थेतल्या ज्येष्ठ लिपिकांची, अण्णांची, सही घ्यायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा सर्व्हरच्या दोन्ही डिस्क टेबलावर लावलेल्या होत्या आणि पुसायचा हुकूम देणं तेवढं बाकी होतं.

अण्णांनी वही वाचली आणि सहज विचारलं, "सर्व्हरच्या डी ड्राइव्हला जुनं फॉक्सप्रोचं होतं की ओ. ते कुठं घेतलंय?"

मी व्यवस्थापकांना फोन लावला. त्यांच्या समजुतीप्रमाणे जुनं सगळं नव्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलं होतं. अण्णा म्हणाले, घेतल्या त्या फक्त ३१ मार्च २०१७ च्या अखेरच्या शिलका. त्याआधीच्या रोजच्या नोंदी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या डीबीएफ फाइलींत होत्या आणि त्या सर्व्हरवर 'जुना डाटा' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या. दुसरी प्रत कुठे आहे ते कोणालाच सांगता येईना. छापील खतावण्या होत्या, पण त्या नदीकाठच्या शाखेत तळमजल्यावर, आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात भिजून गेल्या.

त्या नोंदींना अजून किंमत होती. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचं एक जुनं प्रकरण चालू होतं. कर्ज २०१२ चं, आणि आपण भरलेले हप्ते धरलेच नाहीत, असं कर्जदाराचं म्हणणं. संस्थेचं खरं की कर्जदाराचं, हे त्या डीबीएफ फाइलींशिवाय ठरणार नव्हतं. कर्जदार खरा असेल, तर त्याचा एकमेव पुरावाही आम्ही शून्यांनी भरून टाकणार होतो.

या सबंध प्रकरणात आम्ही कड्याच्या सगळ्यात जवळ गेलो ते इथे. अण्णा पाच मिनिटं उशिरा आले असते तर काही तासांत त्या डिस्कवर शून्यांशिवाय काही उरलं नसतं. दुसरी गोष्टही तितकीच खरी. त्या लिपिकाने क्विकऐवजी पूर्ण फॉरमॅट मारला असता, तर आम्ही यायच्या आधीच सगळं संपलं असतं. विंडोज एक्सपीपर्यंत पूर्ण फॉरमॅट फक्त खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बिघडलेले छोटे कप्पे, तपासायचा. व्हिस्टापासून पुढे तो सबंध भागावर शून्यं लिहितो. काउंटरच्या डिस्कवर जी कुचराई धोक्याची ठरली होती, तिनेच सर्व्हरवरच्या नोंदी वाचवल्या.

जुना डाटा परत काढणं

सर्व्हरच्या डिस्कवर थेट काही करायचं नाही, हे आधी ठरवलं. डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने त्यांतल्या एकीची तंतोतंत प्रत नव्या डिस्कवर घेतली. हे साधन वाचता येईल तेवढं आधी उचलतं, अडलेल्या जागा टिपून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतं. दोनेक तासांत प्रत झाली, पण काही थोड्या जागा वाचता आल्या नाहीत. त्याच जागा नकलेच्या दुसऱ्या डिस्कवर शाबूत होत्या. तिथून भरून घेतल्यावर प्रत पूर्ण झाली.

विंडोजच्या एनटीएफएस या फाइल मांडणीत प्रत्येक फाइलची नोंद एका मोठ्या तक्त्यात असते. क्विक फॉरमॅटने नवा, अगदी छोटा तक्ता मांडला होता. त्याखाली जुन्या तक्त्याचा सुरुवातीचा भाग गेला, पुढच्या नोंदी राहिल्या. त्यामुळे बहुतेक फाइली नावासकट आणि फोल्डरसकट परत आल्या, २००९ पासून वर्षवार. काही बिननावाच्या आल्या. त्या अण्णांनी आणि मी उघडून, आतल्या रकान्यांवरून ओळखून जागेवर ठेवल्या. दोन अनुक्रम फाइली खराब निघाल्या, पण मूळ डीबीएफ धड असेल तर अनुक्रम नव्याने बांधता येतो. २०१२ चं कर्ज खातं उघडलं, हप्त्यांच्या नोंदी दिसल्या. त्या कोणाच्या बाजूने निघाल्या हे माझ्या कामात येत नाही. मी ते विचारलं नाही आणि इथे लिहिणारही नाही.

प्रती दोन केल्या. एक संस्थेच्या तिजोरीत, दुसरी वेगळ्या शाखेत. यात चार दिवस गेले. शाळेच्या सरांचा फोन आला तेव्हा अजून पंधरवडा लागेल असं सांगितलं. त्यांनी कुरकुर केली नाही.

पर्याय

आता पुसायचं कसं, ते ठरवायचं होतं. संस्थेत बैठक झाली, दोन संचालकही आले. चार मतं पुढे आली.

पहिलं, सगळ्या डिस्क फोडून टाका, शाळेला नव्या घेऊन द्या. सुरक्षिततेच्या बाजूने यात खोट नाही. पण १०-१२ चांगल्या चालत्या डिस्क फोडायच्या, हे मला पटत नव्हतं, आणि नव्यांसाठी ठरावात पैशांची तरतूद नव्हती.

दुसरं मत एका संचालकांच्या मुलाने फोनवरून दिलं. तो पुण्यात आयटीत आहे. "पस्तीस वेळा ओव्हरराइट करा, तेच खरं," म्हणजे जुन्यावर पस्तीस वेळा नवं लिहा, असं त्याचं म्हणणं. या ३५ चं मूळ पीटर गटमन यांच्या १९९६ च्या निबंधात आहे. तेव्हाच्या डिस्कमध्ये माहिती लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती होत्या, आणि त्या सगळ्यांना पुरावेत म्हणून त्यांनी ते ३५ नमुने दिले होते. एकाच डिस्कला ते सगळे लावण्यात अर्थ नाही, असं पुढे गटमन यांनीच लिहिलं. आमच्या हिशेबात ५०० जीबीला एका फेरीचा दीड तास, म्हणजे ३५ फेऱ्यांना ५२ तासांहून जास्त. एका डिस्कला दोन दिवस आणि दोन रात्री.

तिसरं, तीन फेऱ्या. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या जुन्या नियमावलीच्या नावाने ही पद्धत चालते आणि बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तयार पर्याय म्हणून असते.

चौथं, शून्यांची एकच फेरी आणि नंतर सबंध डिस्क वाचून पडताळणी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेची, एनआयएसटीची, ८००-८८ क्रमांकाची मार्गदर्शिका २०१४ मध्ये सुधारून निघाली. चुंबकीय डिस्कवर एकदा नीट लिहिलं तरी जुनं परत काढणं प्रयोगशाळेलाही अवघड जातं, असं तीत आहे. मी याच बाजूचा होतो, आणि अजूनही आहे. दोन जादा फेऱ्यांना जो वेळ जातो, त्यातला एका फेरीइतका वेळ पडताळणीला द्यावा. तीन वेळा लिहिलं आणि एकदाही वाचून बघितलं नाही, तर काय झालं ते आपल्याला माहीतच नसतं. बैठकीत हेच ठरलं. एसएसडी आणि बिघडलेल्या डिस्क यांच्यापुरतं मात्र वेगळं काहीतरी करावं लागेल, हे मी तिथेच सांगून ठेवलं.

वेग आधी मोजला

व्यवस्थापकांना वेग हवा होता तो निवडीसाठी. मी तो पुसण्याआधीच मोजला, कारण वेगावरून डिस्कची तब्येत कळते.

आधी थोडं मापाविषयी. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत पुरा करते, ५४०० वाली ११.१ मध्ये. तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त माहिती बसते, आतल्या कडेला कमी. म्हणून डिस्क सुरुवातीला जोरात धावते आणि शेवटाकडे मंदावत जाते. आमच्या ५०० जीबीच्या डिस्क सुरुवातीला सेकंदाला १२५ एमबीच्या आसपास वाचत होत्या आणि शेवटी ६० पर्यंत उतरत होत्या. हा उतार सगळ्यांचाच असतो. दोन डिस्कची तुलना करताना एकीचा पहिला भाग आणि दुसरीचा शेवटचा भाग मोजला, तर निघालेल्या आकड्याला काही अर्थ नाही. केबल तीच, पोर्ट तोच आणि पूर्ण लांबीचं वाचन, एवढं तरी सारखं हवं.

९ सारख्या डिस्कपैकी ७ जणींचे आलेख जवळपास एकावर एक बसले. आठवी सुरुवातीपासूनच अडखळत होती, ३०-४० च्या वर जाईना. मी तिला जवळजवळ बाद केलं होतं. मग डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, ते स्मार्टचे आकडे काढून बघितले, तर डिस्कचे सगळे शाबूत, फक्त १९९ क्रमांकाचा वाढत चाललेला. तो आकडा डिस्क आणि संगणक यांच्यातल्या वाटेवरच्या चुका मोजतो. केबल बदलली आणि डिस्क बाकीच्यांच्या ओळीत आली. नुसता वेग बघून मी एक निरोगी डिस्क फोडली असती.

नववीचं दुखणं खरं होतं. आलेखात मध्येच खोल खड्डे. स्मार्टमध्ये १९७ क्रमांकाखाली, म्हणजे वाचता न येणाऱ्या आणि निकालाची वाट बघणाऱ्या सेक्टरांखाली, १६ दिसत होते.

१ टीबीच्या तिघींतली एक पहिल्यापासून मंद होती. ती ५४०० फेऱ्यांची, तिचा वेग तेवढाच. हा दोष नव्हे. सर्व्हरच्या दोघींची चालू राहिल्याची नोंद ६१ हजार तासांवर गेलेली, म्हणजे रात्रंदिवस मिळून सात वर्षं. खणातली ३२० जीबीची डिस्क फिरतच नव्हती. वीज दिली की टक् टक् करून गप्प.

पुसण्याचं काम

यासाठी एक संगणक वेगळा काढला आणि त्याची स्वतःची डिस्क काढून ठेवली. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करायचं, म्हणजे चुकून पुसली जाईल अशी आपली डिस्क यंत्रात असतच नाही. डिस्क ओळखायची ती सिरियल नंबरवरूनच. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं, पण पुढच्या वेळी चालू केल्यावर ती नावं बदललेली असू शकतात. त्या नावांवर भरवसा ठेवून हुकूम देणाऱ्याचा एक ना एक दिवस घात होतो. आम्ही दोघं होतो, मी आणि दुकानातला मुलगा. त्याने वहीतला नंबर मोठ्याने वाचायचा, मी पडद्यावरचा वाचायचा, जुळला की मगच एंटर.

एनवाइप हे पुसण्याचं सॉफ्टवेअर लावलं, शून्यांची एक फेरी आणि पडताळणी. एका वेळी चार डिस्क. ५०० जीबीला दोन्ही मिळून तीन तास, १ टीबीला पाच-सहा, मंद असलेलीला त्याहून जास्त. पहिल्या दिवशी जागा पुरेना म्हणून एक डिस्क जुन्या यूएसबी २ च्या डॉकला लावली होती. तिथे वेग सेकंदाला ३२ एमबीच्या वर जात नव्हता, नुसत्या लिहिण्यालाच सव्वाचार तास दाखवत होता. काढली आणि दुसऱ्या दिवशी थेट संगणकाच्या आतल्या साटा पोर्टला लावली. दुपारी वीज गेली तेव्हा यूपीएसने तारलं. मध्येच बंद पडलेली फेरी पहिल्यापासून करावी लागते.

नववी डिस्क पुसली तेव्हा एक गोष्ट घडली, ती नीट सांगतो. पुसल्यावर १९७ चा आकडा १६ वरून ० झाला. बघणाऱ्याला वाटेल की डिस्क बरी झाली. पण ५ क्रमांकाचा आकडा, म्हणजे बदली दिलेल्या सेक्टरांचा, तेवढ्यात वाढला होता. खराब जागांवर लिहायची वेळ आली तेव्हा डिस्कने त्यांतल्या काही कायमच्या बाजूला काढल्या आणि राखीव साठ्यातल्या जागा त्यांच्या नावावर केल्या. आमची शून्यं त्या नव्या जागांवर पडली. जुन्या जागा आपल्या मजकुरासकट तबकडीवरच राहिल्या, फक्त आपल्याला त्यांच्यापर्यंत पोहोचायची वाट उरली नाही. पडताळणी 'सगळं शून्य' म्हणाली, आणि तिच्या दृष्टीने ते खरंच होतं. तिलाही ती वाट दिसत नाही.

एका सेक्टरात ५१२ बाइट मावतात, नवीन डिस्कमध्ये ४०९६. कोणाचा आधार क्रमांक बसायला तेवढी जागा खूप झाली. बदली सेक्टर असलेली डिस्क शाळेला द्यायची नाही, हे तिथे ठरलं.

एसएसडी

दोन एसएसडींना वरची पद्धत लावली नाही. एसएसडी एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहीत नाही. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून आतला नियंत्रक प्रत्येक वेळी जागा बदलतो, शिवाय थोडी जागा स्वतःकडे राखून ठेवतो. आपण बाहेरून कितीही शून्यं ओतली, तरी ती आत कुठे पडली हे त्यालाच ठाऊक. म्हणून त्यालाच सांगायचं की तुझ्याजवळचं सगळं पुस. हा हुकूम साटाच्या मानकातच आहे, सिक्युअर इरेज नावाचा.

लिनक्समधल्या एचडीपार्म या साधनाने तो द्यायला गेलो तर दोन्ही एसएसडी 'फ्रोझन' दाखवायला लागल्या. कोणत्या तरी सॉफ्टवेअरने चोरून असा हुकूम देऊ नये म्हणून बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारी मूळ प्रणाली, चालू होतानाच ते कुलूप लावतो. संगणक झोपवून पुन्हा जागा केला की बहुतेक वेळा ते निघतं. इथेही निघालं, आणि दोन्ही एसएसडी मिनिटाच्या आत पुसून झाल्या.

इतक्या लवकर झालं म्हणून शंका घ्यायलाच हवी. सॅन दिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं होतं की 'पुसून झालं' असं उत्तर देणाऱ्या एका एसएसडीत मजकूर तसाच होता. आम्ही दोन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या, फोटोरेकही चालवलं. काही निघालं नाही.

फोडलेल्या चार

फोडायला चार निघाल्या. बदली सेक्टरवाली नववी, सर्व्हरच्या दोन आणि न फिरणारी ३२० जीबीची. सर्व्हरच्या दोन्ही पुसून झाल्या होत्या, पण ६१ हजार तास चाललेली डिस्क मुलांच्या हाती द्यावीशी वाटली नाही, आणि तीत वाचायला अडलेल्या जागाही होत्याच.

३२० जीबीच्या डिस्कबद्दल एक संचालक म्हणाले, "ती बंदच आहे, भंगारात टाका की." मोटर किंवा वाचणारं डोकं बिघडलं म्हणून तबकडीवरचं जात नाही. योग्य सुटे भाग आणि स्वच्छ खोली असलेला माणूस ती वाचू शकतो. आपल्याला पुसता येत नाही, एवढंच तिच्या बंद असण्याने ठरतं. पुसता येत नाही ती फोडायची.

व्यवस्थापक आणि एका संचालकांसमोर चारही उघडल्या. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. साडेतीन इंची डिस्कच्या तबकड्या बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात, त्या भोकं पाडून वाकवता येतात. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमध्ये काच निघते आणि तिचे तुकडे उडतात, म्हणून आधी बघून घ्यायचं. प्रत्येक तबकडीला ड्रिलने भोकं पाडून ती मधोमध दुमडली. सिरियल नंबर लिहून पंचनामा केला, सह्या झाल्या. तुकडे भंगारवाल्याकडे न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडे पाठवले. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यामुळे संस्थेच्या दप्तरी ती पावती असणं बरं.

शाळेत काय गेलं

उरल्या १३. शाळेला १० संगणक द्यायचे होते. ११ फिरत्या डिस्कपैकी ८ सरस निवडल्या आणि दोन्ही एसएसडी दिल्या. सगळ्यांवर लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती, लिबरऑफिस आणि मराठी कळफलक टाकला. तीन डिस्क संस्थेकडे परत गेल्या. त्यांतली मंद १ टीबीची तिजोरीतल्या बॅकअपला लावली. आठवड्यातून एकदा बॅकअप घ्यायला तिचा वेग भरपूर होतो.

शाळेत एकाच खोलीत दोन प्रकारचे संगणक लागले आणि फरक उघडा पडला. एसएसडीवाला २५ सेकंदांत कामाला तयार, हार्ड डिस्कवाला दोन मिनिटांच्या आसपास. सलग वाचनात त्यांच्यात चार-पाच पटींचाच फरक होता. पण संगणक चालू होताना छोट्या छोट्या हजारो फाइली विखुरलेल्या जागांवरून उचलाव्या लागतात. ४ केबीच्या विखुरलेल्या वाचनात हार्ड डिस्क सेकंदाला १ एमबीही गाठत नव्हती, एसएसडी २५ च्या वर होती. तबकडीवर डोकं प्रत्येक वेळी नव्या जागी न्यायचं आणि ती जागा फिरून खाली येईपर्यंत थांबायचं, यातच वेळ जातो. मुलांचा तास ३५ मिनिटांचा. पहिल्या आठवड्यातच एसएसडीच्या दोन संगणकांसमोर मुलांची गर्दी व्हायला लागली, असं सरांनी सांगितलं.

पुन्हा करायचं झालं तर

वेग मोजताना मी सलग वाचनाचा आकडा मोठा धरला, कारण डिस्कची तब्येत त्यातच दिसते. शाळेसाठी निवड करताना मात्र विखुरलेल्या वाचनाचा आकडा बैठकीत मांडायला हवा होता. ८ छोट्या एसएसडींचा खर्च तेव्हाच मागितला असता, तर निदान चर्चा झाली असती. ठरावात तरतूद नाही म्हणून मी विषयच काढला नाही, ते बरोबर झालं नाही.

दुसरं, पुसण्याच्या कामाची सुरुवात डिस्कपासून करायला नको होती. ती अण्णांपासून करायला हवी होती. कुठल्या यंत्रावर काय होतं, त्याची दुसरी प्रत कुठे आहे आणि ती उघडून कोणी बघितली आहे, हे तीन प्रश्न संस्थेतल्या सगळ्यात जुन्या माणसाला आधी विचारायचे आणि उत्तरं लिहून घ्यायची. आता माझ्या वहीत सिरियल नंबरच्या शेजारी 'मजकुराची खात्री कोणी दिली' असा रकाना आहे, आणि तिथे सही झाल्याशिवाय मी डिस्क पुसायला लावत नाही.

त्या तरुण लिपिकाला कोणी बोललं नाही, हे बरं झालं. त्याला जे सांगितलं होतं, ते त्याने केलं होतं. फोडण्याच्या दिवशी तो शेजारी उभा राहून बघत होता. १९७ आणि ५ क्रमांकाचे आकडे त्याने वहीत उतरवून घेतले.

दोन महिन्यांनी त्याचाच फोन आला. संस्थेतल्या जुन्या सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर माळ्यावर सापडला होता. आतली डिस्क त्याने विंडोजला लावून बघितली, तर 'फॉरमॅट करायची का' असं विचारत होतं. डीव्हीआर स्वतःच्या वेगळ्याच पद्धतीने डिस्क मांडतो, त्यामुळे विंडोजला ती ओळखता येत नाही. "मी 'नको' दाबलंय," तो म्हणाला. "तिजोरीसमोरचा कॅमेरा याच्यावर होता. आणि मोठं झेरॉक्स मशीन पण बदलायचंय, त्याच्यात असती का ओ डिस्क?" काही मोठ्या मशीनमध्ये असते, असं मी सांगितलं. मागचं झाकण उघडून बघावं लागेल. डीव्हीआरच्या डिस्कचा सिरियल नंबर त्याने फोनवरच वाचून दाखवला आणि मी वहीत अठरावी ओळ लिहिली. शेवटचा रकाना अजून कोरा आहे. कुठल्या तारखांचं चित्रण राखायचं, ते अण्णांना विचारून तो कळवणार आहे.